एकतिसावा चेहरा

“हा नको,” असं म्हणून तादेउशसाहेबांनी संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. बोट उचललं तेव्हा त्या मुलाच्या चेहऱ्यावर घामाचा धूसर ठसा उरला. जयप्रकाशने सवयीने खिशातून रुमाल काढून पडदा पुसला. त्यात विशेष काहीच नव्हतं. अठरा वर्षांत मस्कतच्या या छापखान्यात बसून त्याने फोटोंतून काय काय काढलं नव्हतं! लग्नाच्या अल्बममधून भांडून गेलेली आत्या काढली होती, कंपनीच्या अहवालातून राजीनामा दिलेला मॅनेजर काढला होता, हॉटेलच्या मेन्यूवरून बाटली काढून तिथे फुलदाणी ठेवली होती. का म्हणून त्याने कधी कुणाला विचारलं नाही. नाकासमोर चालणारा माणूस. असली माणसं आखातात टिकतात. पण आज त्याच्या तोंडून निघून गेलं, “का सर?” तादेउशसाहेब चष्मा पुसत म्हणाले, “फोटो खराब झालाय.” आणि जयप्रकाशला आत कुठेतरी ठेच लागल्यासारखं झालं, कारण फोटो खराब झालेला नव्हता. त्या चौकटीत एकतीस मुलंमुली होती. कुणाच्या गालावर बुरशी होती, कुणाचं कपाळ पाण्याने गेलं होतं, आणि सगळ्यांत स्वच्छ चेहरा होता तो याचाच. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा. दाट काळे केस, अरुंद हनुवटी, आणि कॅमेऱ्याकडे न बघता थोडंसं बाजूला बघणारे डोळे. फोटोतलं खराब काय आणि चांगलं काय हे जयप्रकाशला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणजे साहेब खोटं बोलत होते. एवढ्या सभ्य माणसाने एवढ्या लहानशा गोष्टीसाठी खोटं का बोलावं?

साहेब मूळचे पोलंडचे. जमिनीखालचं पाणी शोधायचं त्यांचं काम; आठवडाभर इब्रीच्या पलीकडे बोअरच्या जागा ठरवत हिंडायचे आणि गुरुवारी अल हैलच्या घरी परतायचे. एकटे राहायचे. वय पन्नाशीच्या थोडं पुढे, टक्कल पडलेलं, पांढरी दाढी छातीकडे निघालेली. त्यांच्या गावच्या शाळेला यंदा, म्हणजे २०१६ साली, एकशेतीस वर्षं होत होती आणि शाळेचा इतिहास त्यांनी स्वतः लिहिला होता. दोन महिने ते दर गुरुवारी येऊन जयप्रकाशच्या शेजारी स्टूल ओढून बसत होते आणि पानं लागताना बोलत होते. त्या शहराचं नाव जयप्रकाशला कधी नीट उच्चारता आलं नाही, पण शाळा आता ओळखीची झाली होती. ती सुरू झाली तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. राज्य ऑस्ट्रियाच्या बादशहाचं होतं आणि मास्तरांच्या मिशा त्याच्यासारख्याच वळलेल्या होत्या. १९३९ साली जर्मन आले, शाळेला कुलूप लागलं, मोठ्या मुलांनी शिकूच नये असा हुकूम निघाला. मग मास्तरांनी लोकांच्या स्वयंपाकघरात वर्ग भरवले. पाच मुलं, एक मास्तर, आणि टेबलावर पत्ते पसरलेले. दार वाजलं तर पत्ते खेळतोय म्हणायला. परीक्षासुद्धा तिथेच झाल्या, प्रमाणपत्रं लढाई संपल्यावर मिळाली. हे सांगताना साहेबांचा आवाज भरून यायचा आणि जयप्रकाशलाही ते आवडायचं. मास्तरांच्या गोष्टी त्याला लहानपणापासूनच जवळच्या. पुढे दुसरी राजवट आली, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, पण एक रिवाज मोडला नाही. शेवटच्या वर्षाचा प्रत्येक वर्ग शाळा सोडताना एक मोठी चौकट करून जिन्याच्या भिंतीवर लावायचा: वर मास्तर, खाली मुलं, प्रत्येकाचा वेगळा लंबगोल फोटो. ताब्लो म्हणतात त्याला. पुस्तकात असे चाळीस ताब्लो होते, आणि साहेबांना काढायचा होता तो चेहरा १९८२च्या ताब्लोत होता. खालची नावांची पट्टी ओल लागून पार गेली होती, त्यामुळे त्या मुलाचं नाव कळायला मार्ग नव्हता.

एकदा शंका आली की जुन्या गोष्टीही नव्याने दिसायला लागतात. पोलंडातल्या शाळेचं पुस्तक मस्कतमध्ये का छापायचं? साहेब म्हणाले होते, मला समोर बसून करून घ्यायचंय. तेव्हा ते पटलं होतं. आता जयप्रकाशच्या मनात आलं, इथे या भाषेचं अक्षर वाचणारा कुणी नाही म्हणून तर नाही? न वाचता येणाऱ्या भाषा लावण्यातच त्याची सगळी कारकीर्द गेली होती. अरबी, मल्याळी, सिंहली; अक्षराचा आकार मूळ कागदाशी जुळवायचा, ओळींचे शेवट ताडून बघायचे आणि पुढे जायचं. अर्थाशी त्याला देणंघेणं नसे. अशा माणसाच्या हाती गुपित देणं म्हणजे ते विहिरीत टाकणंच. दुपारी मशीनवरचा बदरुद्दीन छपाईच्या प्लेटसाठी फाईल मागायला आला. बदरुद्दीन दाभोळकडचा, जयप्रकाशच्याच जिल्ह्यातला. त्याला जयप्रकाशने तो चेहरा दाखवला.

“बघ. खराब आहे हा?”

“मस्त आहे की. का रे भाऊ?”

“हाच काढायला सांगितलाय.”

“मग काढ! गिऱ्हाईक बोलतो ते करायचं. तुझा मावसभाऊ आहे काय तो? यल्ला, चल लवकर, संध्याकाळपर्यंत फाईल दे, माझी मशीन उभी आहे.”

“अरे, पण कोणाचं तरी पोर आहे ना.”

बदरुद्दीनने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. “तुला रे कधीपासून हे?” असं म्हणून तो हसला आणि निघून गेला. जयप्रकाशला ते हसणंही आवडलं नाही. त्यात काहीतरी माहीत असल्याचा भाव होता असं त्याला वाटलं, आणि मग असं वाटल्याचीच लाज वाटली.

त्याने फाईल दिली नाही. शब्द वाचता येत नसले तरी आकडे कुठल्याही भाषेत वाचता येतात, म्हणून त्याने १९८२चं पान काढून नुसते आकडे बघितले. एका वाक्यात ३० होते. ताब्लोत एकतीस. आता मात्र त्याला राहवेना. आपण लावलेला मजकूर वाचायचा नाही हा त्याचा स्वतःचाच नियम, तो मोडून त्याने ते पान इंटरनेटवरच्या भाषांतराच्या खिडकीत टाकलं. मोडकंतोडकं इंग्रजी आलं, पण कळायचं ते कळलं. देशात लष्करी कायदा लागला होता. पदार्थविज्ञानाचे मास्तर प्रयोगशाळेच्या कपाटात बंदी असलेली पत्रकं ठेवायचे. मार्च महिन्यात भर तासाला दोन माणसं आली आणि मास्तरांना घेऊन गेली. वर्गात ३० मुलं होती. कपाटाची खबर कुणी दिली ते आजवर कळलेलं नाही. मास्तर सुटले, पण शाळेत परत घेतले गेले नाहीत. जयप्रकाशने ते चारदा वाचलं. आजवर कळलेलं नाही, असं लिहिणारा माणूस एक चेहरा काढतो आणि मुलांची संख्या एकाने कमी करतो. खबर साहेबांनीच दिली, हे मग उघडच होतं! साहेब स्वतः त्याच शाळेचे, त्याच सुमाराचे. हा डोळे बाजूला वळवलेला मुलगा, यालाच सगळं माहीत असणार. याने पाहिलं असणार. कदाचित आळही यानेच सोसला असेल. आणि आता पस्तीस वर्षांनी, कुणाला पत्ता न लागता, एका परक्या देशातल्या परक्या माणसाकडून त्याला पुस्तकातूनही घालवायचं. जयप्रकाशला साहेबांचा असा राग आला की स्टूल दिसलं तरी तळपायाची आग मस्तकात जात होती.

त्या संध्याकाळी माबेलाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग हलत नव्हती. घरी सुगंधाने ताट वाढलं आणि दोन घासांतच विचारलं, “काय झालंय?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणताना तुमची मान अशी खाली जाते. बावीस वर्षं बघतेय मी.”

“कामाचं आहे गं.”

“कामाचं असलं की तुम्ही त्या छापखान्याच्या मालकाला, अर्बाबला शिव्या घालता. गप्प बसता ते दुसऱ्याच कशाने तरी.”

ती सरळ बोलत होती, तिचा स्वभावच तसा. पण जयप्रकाशला वाटलं, हिला कुणी काही सांगितलंय का? कोण सांगणार? सांगण्यासारखं जे होतं ते जगात एकट्या त्यालाच माहीत होतं. शेजारच्या खोलीत पूर्वा मैत्रिणीशी इंग्रजीत बोलत होती, हसत होती. तिला आजोबा मास्तर होते एवढंच ठाऊक होतं. “देन व्हाय डिड ही स्टॉप?” असं तिने एकदा विचारलं होतं आणि जयप्रकाशने प्रकृती बरी नव्हती असं सांगून विषय संपवला होता. फोटो खराब झालाय, त्याच जातीचं उत्तर. भात पुढे ओढून तो जेवत राहिला आणि त्याला ते टेबल दिसायला लागलं, गावच्या घराच्या माजघरातलं, सागवानी, एक पाय आखूड असलेलं. त्यावर मेणकागदाचं स्टेन्सिल. नाना, म्हणजे त्याचे वडील बाळकृष्ण शिरधनकर, हायस्कुलात गणित शिकवायचे आणि सहामाहीचा पेपर घरीच स्टेन्सिलवर कोरायचे. शाळेतल्या सायक्लोस्टाइलवर तो दुसऱ्या दिवशी निघायचा. त्यांचं अक्षर एवढं देखणं होतं की लोक पेपर जपून ठेवत. जयप्रकाश तेव्हा नववीत होता, चौदा वर्षांचा. नाना एका आजारी मास्तरांना बघायला पलीकडच्या वाडीत गेले होते आणि हेडमास्तरांचा भाचा सायकल टेकवून पायऱ्या चढून वर आला. क्रिकेटच्या टीमचा कप्तान. जयप्रकाशला घ्यायचं की नाही हे त्याच्या हातात होतं. पाणी दे म्हणाला. जयप्रकाश पाणी आणायला मागच्या दारी गेला आणि तिथे जरा जास्तच वेळ थांबला. कळशी भरलेली होती, तरी थांबला. हे जास्तीचं थांबणं त्याला अजून अंगावर जाणवतं. पायाखालच्या चोपलेल्या अंगणाचा गारवा, गोठ्यातला वास, आणि आत कागदाचा होणारा आवाज.

पेपर फुटला. पूर्ण वर्गाला पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा चौकशी बसली. तिघांच्या समितीने जयप्रकाशला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं, गोड बोलून खुर्ची दिली. स्टेन्सिल घरी उघडं होतं का? होतं. त्या दिवशी घरी बाहेरचं कुणी आलं होतं का? त्या दुसऱ्या प्रश्नाला तो नाही म्हणाला. तेवढंच. एक शब्द. समोर हेडमास्तर बसले होते आणि त्यांच्या भाच्याचं नाव घ्यायला जीभ उचलली नाही, असं तो नंतर स्वतःला समजावत आला. पण टीममध्ये त्याचं नाव त्याच आठवड्यात लागलं हेही खरं. बाहेरचं कुणी आलं नाही, म्हणजे पेपर नानांनीच फोडला असं ठरलं आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढची वीस वर्षं ते लाकडाच्या वखारीत फळ्या मोजत बसले. जयप्रकाशला त्यांनी कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं! एक मुस्कटात मारली असती तरी चाललं असतं.

याच्याही पुढची एक गोष्ट होती, आणि तिच्याजवळ तो सहसा जात नसे. २००८ साली हायस्कुलाला पन्नास वर्षं झाली. माजी विद्यार्थी, त्यात छपाईतला, म्हणून स्मरणिकेचं काम गावाने मोठ्या कौतुकाने त्याच्याकडे पाठवलं. सगळी पानं त्याने इथे मस्कतला, याच खुर्चीत बसून लावली. आजी-माजी शिक्षकांची यादी आली तिच्यात नानांचं नाव नव्हतं. सव्वीस नावं होती. सत्ताविसाव्याला जागा होती, चांगली दोन ओळींची जागा उरत होती. एक ओळ टाईप करायला काय लागतं? कुणी पाहिलंही नसतं. पण कुणी पाहिलं असतं तर विचारलं असतं, शिरधनकर सर कसे काय यादीत, आणि मग सगळं उकरलं गेलं असतं. जयप्रकाशने ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं. सव्वीस नावांत पान छान भरलं. मे महिन्यात तो गावी गेला तेव्हा नाना पडवीत भिंग घेऊन स्मरणिका बघत होते. त्या पानावर बराच वेळ थांबले, पान उलटलं आणि म्हणाले, “छपाई सुबक केली आहेस.”

शुक्रवारी सकाळी तो दोन प्रुफं घेऊन अल हैलला गेला. एकात तीस चेहरे, एकात एकतीस. तीसवालं त्याने केलं खरं, पण करताना हात आखडला होता. दारात तो घुश्श्यातच उभा राहिला. घर समुद्रापासून दोन गल्ल्या आत होतं. आत पुस्तकं, दगडांचे नमुने आणि माणसाचा एकही फोटो नाही, हे त्याने आल्याबरोबर टिपलं. फोटो नसलेल्या घराचा त्याला आता संशय येत होता. साहेबांनी चहा केला. जयप्रकाशने एकतीसवालं प्रुफ आधी त्यांच्यापुढे ठेवलं.

“हा अजून इथेच आहे,” साहेब म्हणाले.

“फोटो चांगला आहे सर. मी बघितलाय.”

“मी काढायला सांगितलं होतं.”

“तुम्ही तीस लिहिलंय. मुलं एकतीस होती.”

साहेबांनी मान वर केली. “तुम्हाला पोलिश येतं?”

“आकडे येतात.”

साहेब प्रुफावर वाकले. खिडकीतून ऊन त्यांच्या डाव्या बाजूवर पडलं होतं. जयप्रकाश त्यांच्याकडे रोखून बघत होता, आता हा माणूस काय थाप मारतो ते बघू म्हणून; आणि बघता बघता त्याची नजर त्यांच्या कानावर गेली. चेहऱ्यातलं सगळं बदलतं, केस जातात, गाल सुटतात, हनुवटी दाढीत बुडते, पण कानाची घडण जन्मभर तीच राहते. हे तर तो शिकाऊ मुलांना पहिल्या आठवड्यात सांगायचा. कानाची पाळी गालाला चिकटलेली, आणि वरच्या कडेला कुणी नखाने उचकटल्यासारखी खाच. त्याने प्रुफाकडे पाहिलं. दुसरी रांग, डावीकडून चौथा. तीच पाळी, तीच खाच. दोन महिने हा कान त्याच्या खांद्याशेजारी होता आणि त्याला दिसला नव्हता, कारण तो त्या मुलात आपल्याला हवा तो कुणीतरी बघत होता.

“हे तुम्ही आहात,” जयप्रकाश म्हणाला. सर म्हणायचंही राहून गेलं.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी सांगितलं, हळूहळू, साध्या इंग्रजीत, जयप्रकाशला कळेल असं. पोलिसांचा एक सभ्य माणूस होता. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्याने खुर्ची दिली. भूगर्भशास्त्राला प्रवेश हवाय ना, म्हणाला. फक्त कपाट कुठलं ते सांग. त्यांनी सांगितलं. मास्तर पुढे दहा-बारा वर्षांनी गेले. राजवट बदलल्यावर वर्गातल्या मुलांनी ताब्लोची काच उघडून मास्तरांचा फोटो, जो तेव्हा लावूच दिला नव्हता, वरच्या रांगेत चिकटवला. “मीही होतो त्या दिवशी तिथे. डिंकाची बाटली मी धरली होती. आजपर्यंत कुणाला माहीत नाही. त्यांच्याबरोबर एका चौकटीत मी नको, एवढंच मला हवं आहे.”

जयप्रकाशला त्यांची कीव यायला हवी होती, आलीही. पण आतला संशय काही पाठ सोडेना. “तुम्ही स्वतःला शिक्षा करताय असं तुम्हाला वाटतंय,” तो म्हणाला. इंग्रजी अडखळत होतं, तरी तो थांबला नाही. “पण सर, नाव नाही, चेहरा नाही, तर विचारणारही कुणी नाही. मी हे काम करतो. मला माहीत आहे. काढून टाकलं की पान छान भरतं. हे लपणंच आहे.”

“तुम्हाला काय त्याचं?” साहेब चिडून म्हणाले. पहिल्यांदाच चिडले होते.

“मी काढणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. पुस्तकात लिहिलंय, खबर कुणी दिली कळलेलं नाही. ते खोटं आहे. तुम्हाला कळलेलं आहे.”

चहावर साय आली. मग साहेबांनी पेन्सिल घेतली आणि ३०मधल्या शून्यावर काट मारून तिथे एक काढला. कळलेलं नाही या वाक्याशी पेन्सिल थांबली. त्यांनी ते वाक्य खोडलं, समासात काहीतरी लिहायला सुरुवात केली, दोन शब्दांवर थांबले, पुन्हा लिहू लागले. काय लिहिलं ते जयप्रकाशला वाचता येत नव्हतं. त्याने विचारलंही नाही. साहेबांना लिहीत ठेवून तो उठून बाहेर आला.

गाडी तापली होती. समुद्राकडे तोंड करून त्याने ती उभी केली, काचा खाली घेतल्या आणि गावी फोन लावला. तिकडे दुपारची जेवणं झाली असतील. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या नानांनी फोन स्वतःच उचलला.

“कोण? जयप्रकाश? आज या वेळेला कसा? पूर्वा बरी आहे ना?”

“सगळे बरे आहेत नाना. मला एक सांगायचंय.” आणि मग थांबला तर पुन्हा जमणार नाही या भीतीने त्याने सगळं एका दमात सांगितलं. भाचा, सायकल, पाणी, मागच्या दारी थांबणं, समितीपुढचं ते नाही. बोलताना त्याचा आवाज फुटला आणि चौदा वर्षांच्या पोरासारखा तो रडला.

“मला ठाऊक होतं ते,” शेवटी नाना म्हणाले. “त्या पोराला आपल्या पायऱ्या उतरताना दोघांनी बघितलं होतं. मला येऊन सांगितलंही.”

“मग तुम्ही समितीला का नाही...”

“काय सांगणार? माझा मुलगा खोटं बोलतोय म्हणून? लहान होतास तू. घाबरला असशील. तुला खोटा पाडून मी खरा ठरायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. ते मी तेव्हाच सोडून दिलं.” नाना खोकले. जयप्रकाशला वाटलं, झालं, एवढंच होतं, आणि चौतीस वर्षांचा श्वास त्याने सोडायला घेतला. तेवढ्यात नाना पुढे बोलले. आवाज चढलेला नव्हता, वर्गात एखाद्या मुलाची पायरी चुकलेली दाखवताना असायचा तसाच होता.

“पण ती शिक्षकांची यादी लावलीस, तेव्हा तू चाळीस वर्षांचा होतास रे.”

“हो नाना,” जयप्रकाश म्हणाला. नाना अजून फोन ठेवत नव्हते.